दोनशे पुड्या आणि एक आकडा

अजिनाथने सकाळी दात घासायच्याही आधी एक आकडा वाढवला, आणि कोल्हारच्या त्या घरात दुपारपर्यंत कुणाला धड जेवता आलं नाही.

अजिनाथ लिनक्स या संगणकप्रणालीच्या अशा एका प्रकाराचा सेवेकरी होता, जिथे प्रोग्रॅम तयार मिळत नाही. त्याचा कोड उतरवून प्रत्येकाने आपापल्या मशीनवर तो बांधायचा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्रॅम घडवायचा. त्याच्याकडे छपाईच्या प्रोग्रॅमचं एक पॅकेज सांभाळायला होतं, अर्थातच बिनपगारी. त्या पॅकेजच्या नावापुढचा आवृत्तीचा आकडा त्याने वाढवला की जगभरातली मशीनं ते नव्याने बांधायला बसत. एवढी सत्ता हातात आल्यावर माणूस थोडा चढतोच. आज त्याने पॅकेजच्या माहितीतला वेबसाइटचा पत्ता बदलला आणि सवयीने आकडाही वाढवला.

नऊ वाजता घरचा जुना संगणकही तेच पॅकेज नव्याने बांधायला बसला आणि घुरघुरायला लागला. पडद्यावर साधी खिडकी उघडेना. तिकडे आई, चांगुणाबाई, शेंगदाण्याच्या चटणीच्या दोनशे पुड्या भरून बसल्या होत्या. त्यांची ही पहिली मोठी ऑर्डर. चार वाजता भीमाचा टेम्पो कोपरगावला निघणार होता, आणि लेबलं याच संगणकावर छापायची होती.

“थांबव की त्याला,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“अर्ध्यावर न्हाई सोडायचं. तीन तासांचं काम हाय.”

“पर बदललंय काय असं?”

“वेबसाइटचा पत्ता.”

चांगुणाबाईंनी कपाळावर हात मारला. “डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हनून मी चटनी परत कुटते व्हय रं?”

तेवढ्यात मोबाईलवर देशोदेशीच्या वापरकर्त्यांचे संदेश येऊ लागले. सगळ्यांचं म्हणणं आईचंच होतं, फक्त भाषा जास्त कडक होती. त्याने तिथल्या तिथे शपथ घेतली, यापुढे आकड्याला हात लावायचा नाही.

बाराला बांधून झालं. पहिलं लेबल निघालं, पण तळाची ओळ, म्हणजे नेमकी तारीखच, कापली गेली होती. दोष त्याच्याच पॅकेजात निघाला. त्याने ताट बाजूला सारलं, अर्ध्या तासात दोष काढून दुरुस्त कोड सगळ्यांच्या सामायिक साठ्यात पाठवून दिला आणि शपथेला जागून आकडा तसाच ठेवला. मग मशीनला अद्ययावत व्हायला सांगितलं. मशीनने कळवलं, करण्यासारखं काही नाही. पुन्हा लेबल काढलं. तारीख गायबच.

“दुरुस्त केलं म्हंतोस ना?”

“केलंय. पन आकडा न्हाई वाढवला, म्हनून मशिनला कळलंच न्हाई.”

“मग वाढवायचा की!”

“तूच नको म्हनलीस.”

“मी चिठ्ठीचं म्हनले. आतला मालच बिघडला तर परत कुटाया नगं? मीठ राह्यलं तर चिठ्ठीवर लिवून भागतं व्हय?”

हे अजिनाथला पटलं. इतकं, की आकडा वाढवल्यावर त्याने हा नियम सगळ्या सेवेकऱ्यांना स्वतःच्या नावाने कळवून टाकला. मग टेबलफॅन मशीनसमोर लावला आणि जिद्दीने समोर बसून राहिला.

साडेतीनला बांधून झालं. तारखेसकट दोनशे लेबलं निघाली, मायलेकांनी ती भराभर चिकटवली. दारात टेम्पो घरघरत उभा राहिला. चांगुणाबाईंनी पातेल्यात उरलेली चटणी कौतुकाने भीमाच्या हातावर ठेवली.

“लई भारी, मावशी,” भीमा अडखळला. “पन मीठ...”

चांगुणाबाईंनी बोट चाटून बघितलं. मग बंद पुड्यांकडे बघितलं, मग टेम्पोकडे.

“अज्या,” त्या हळूच म्हणाल्या, “मशीन चालू हाय न्हवं? खाली एक ओळ वाढव की. मीठ चवीपरमानं घाला.”

अजिनाथने संगणक बंद केला आणि कात्री उचलली.

“पाच वाजतील आता,” भीमा म्हणाला.

“वाजू दे. आतलं बिघडलंय,” असं म्हणून अजिनाथने पहिली पुडी फोडली.

चांगुणाबाई मिठाची बरणी आणायला गेल्या, आणि भीमाने टेम्पोचं इंजिन बंद केलं.