पावण्यांची खोली

जानकाबाईंचा सगळा राग नातीवर होता. प्रज्ञानं आपल्या साहेबांना पुण्याहून राजुरीत आणलं ते आणलं, वर त्यांच्यासाठी लेण्याद्रीजवळ लॉज बुक केलं!

"म्या जिती असताना माझ्या दारचा पावणा लॉजवर? कॅन्सल कर!"

साहेब मूळ ग्रीकवरून बायबलचा नवा करार सोप्या मराठीत आणत होते आणि प्रज्ञा त्यांच्या हाताखाली लिहायची. नवा मजकूर छापण्याआधी, ती गोष्ट कधीच न ऐकलेल्या माणसाला वाचून दाखवायचा आणि त्यानं तो आपल्या तोंडानं सांगायचा, अशी त्यांची पद्धत. सांगता आला तरच छपाई. प्रज्ञाचं पहिलंवहिलं प्रकरण उद्या छापायला जाणार होतं. ऐकणारी म्हणून तिनं आजीला धरलं होतं.

लॉज रद्द झालं. पण घरात प्रज्ञाच्या भावाच्या, कपिलच्या लेकाचं नामकरण! पावण्यांच्या खोलीत लोणी गावाहून आलेले नऊ व्याही, ओटीवर बायाबापड्या. शेवटी साहेबांची खाट घरातच खालच्या अंगाला, म्हशीच्या गव्हाणीला लागून पडली. साहेबांनी प्रकरणाचा कागद गव्हाणीच्या काठावर ठेवला आणि म्हशीनं तो शांतपणे खाल्ला.

प्रज्ञा रडकुंडीला आली. मग तिनं तोंडपाठच म्हणून दाखवलं: योसेफ गरोदर मरियेला घेऊन बापजाद्यांच्या गावी गेला, तिथं तिचे दिवस भरले, धर्मशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलं.

"आता तू सांग, आजी."

"न्हाई सांगत. खोटं हाय."

"अगं, उद्या छापायचंय!"

"सोताच्या गावात गेला ना त्यो? मंग भावकी काय मेली व्हती समदी? भरल्या दिसाच्या सुनंला धर्मशाळा दावणारं एक गाव दाव मला! घर पावण्यांनी भरलं आसंल, म्हून जनावरांपाशी जागा केली. ह्या साहेबांना केली तशी."

"आजी, वर्षानुवर्षं असंच छापतात!"

"मंग वर्सानुवर्सं त्या भावकीची बदनामी करताय."

साहेब ताडकन उठले. डोकं तुळईवर आपटलं.

"आजी बरोबर आहेत," ते टाळू चोळत म्हणाले. "आपण धर्मशाळा म्हणतो त्या मूळ शब्दाचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो. ही गोष्ट लिहिणाऱ्या लूकनं पुढं प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या खोलीला हाच शब्द वापरलाय आणि खऱ्या धर्मशाळेला वेगळा. मला हे ठाऊक होतं. पण वाचकांना सवय झालीय, म्हणून धर्मशाळाच राहू दिली."

प्रज्ञानं ओळ बदलली: पाहुण्यांच्या खोलीत जागा नव्हती. जानकाबाईंनी मग गोष्ट अशी रंगवून सांगितली, की नऊ व्याही खोलीबाहेर येऊन ऐकत बसले. वर पदरचं गरम पाणी आणि एक सुईणही घातली. सुईण साहेबांनी काढली, पण प्रकरण पास केलं.

जानकाबाईंनी पदर खोचला आणि नातीकडं वळल्या.

"प्रज्ञे, पावण्याला लॉज दावणारी तू, आन बाळंतिणीला धर्मशाळा दावणारं तुझं पुस्तक. दोगांनाबी शेवटी मीच घरात घेतलं!"