सातवी 'ब'वर ग्रीक काव्याची स्वारी

विद्येस वंदन करून, श्रोत्यांनी चित्त ठिकाणावर ठेवावे, ऐसी ही हकीकत लिहिली जाते. थोरल्या बाईसाहेब, केसांनी पिकलेल्या परंतु आवाजाने ताज्या, ग्रीक देशीच्या पुरातन वीरांची काव्ये घेऊन सातवी 'ब'वर चालून गेल्या आणि तीन आठवडे मोर्चे लावून बसल्या, परंतु गनीम जांभयांच्या तोफा डागी, आणि मग मुख्याध्यापक हुजुरांचा हुकूम सुटला की शुक्रवारी जातीने पाहणी होईल, मुले रमली नाहीत तर हा तास गणितास बहाल होईल.

बाईंनी मनाशीच मसलत केली की, त्या काव्यांत वीर नुसत्या नावाने येत नाही, मागेपुढे किताब लागतोच. तर आमच्या वीरांनी नुसते 'हजर' का म्हणावे? आणि हजेरीपट उघडून, ज्याने त्याने आपला किताब जोडावा, ऐसे फर्मान काढले. जांभया तेथेच मोडल्या. कोणी 'मधल्या सुट्टीआधीच डबासंहारक' झाला, कोणी 'खिडकीची अखंड पहारेकरीण', कोणी 'उसन्या पेन्सिलींचा अजिंक्य धनी'. शेवटच्या बाकावरील अबोल मुलीस मात्र काही सुचेना, आणि बाईंसही सुचेना.

शुक्रवारी हुजूर मागील खुर्चीवर विराजमान झाले आणि हजेरी सुरू झाली. एकेक वीर उठे, किताब गर्जे, वर आजोबांचा आणि आत्याचाही पराक्रम जोडी, आणि एकवीस वीर होतात तो पाच मिनिटे उरली. काव्याचे पुस्तक पिशवीतच राहिले होते.

"बाई, हजेरीतच तास संपला. धडा कुठाय?" हुजूर पुसते झाले.

बाई पुस्तकासाठी पिशवी चाचपू लागल्या. तोच अबोल मुलगी उठली.

"सर, धडाच चाललाय. त्या काव्यातपण आधी सगळ्या फौजेची यादी येते. कोण कुठला, किती जहाजं घेऊन आला. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"तेव्हा तर सगळे जांभया देत होते म्हणे."

"मी ऐकत होते."

हुजूर खुर्ची पुढे ओढून फर्मावते झाले की उरलेली फौज मोजावी, घंटा थांबेल. आणि घंटा थांबली, आणि गणिताने माघार घेतली, आणि हुजुरांस 'घंटा थोपवणारे' हा किताब एकमताने अर्पण झाला.

सबब दाखला राहावा की, तास कायम झाला. आणि हजेरीपटातील एकच कोरी जागा बाईंनी स्वहस्ते, चष्मा दोनदा पुसून, भरली : 'जांभयांच्या रणात एकटी जागी राहिलेली'.