ब्रेक सोडलेले साहेबराव अण्णा

कुणी तंबाखू सोडतं, कुणी साखर सोडतं. आमच्या पडेगावच्या कॉलनीतल्या साहेबराव अण्णांनी ब्रेक सोडलाय. म्हणजे त्यांच्या गाडीला ब्रेक आहे, मागे-पुढे दोन्हीकडे आहे, धडधाकट आहे. फक्त अण्णा त्याला हात लावत नाहीत.

अण्णा वाळूजच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी बॅटरीवरची मोटरसायकल घेतली. या गाडीची मूठ सोडली की मोटार उलटं काम करू लागते, गाडी हळू होते आणि गेलेला वेग करंट होऊन बॅटरीत परत जातो. याला अण्णा ‘रिजन’ म्हणतात आणि दिवसातून इतक्यांदा म्हणतात की तो शब्द ऐकून मला आता ॲसिडिटी होते.

“ब्रेक म्हंजे नुसती नासाडी, सर! वेग घासून जाळायचा. रिजनचं कसं, जे गेलं ते वापस!”

हे मला ऐकावं लागतं, कारण मी त्यांच्या मागे बसतो. मी छावणीतल्या शाळेत शिकवतो. वर्षापूर्वी इथे राहायला आलो तेव्हा अण्णा म्हणाले, “रोज सोडत जातो तुम्हाला. मागं वजन पायजे मला.” मला बापड्याला तो चांगुलपणा वाटला. अण्णा सिग्नल दिसला की पार लांबूनच मूठ सोडतात. मागचे ट्रकवाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आता, रिजनने गाडी हळू होते, पण पुरती थांबत नाही. म्हणून शेवटचे दोन हात अण्णा पाय घासत थांबवतात. चपलांचा जोड दोन महिने टिकत नाही. मग मान वळवून विचारतात, “धक्का बसला का? खरं सांगा.”

“नाही बसला.”

“जरा पण नाय?”

“नाही हो अण्णा, सिग्नल सुटला, चला!”

पुढे तर कहर झाला. “सर, आजपासून एका बाजूनं बसा. बाया बसतात तसं.” का, तर म्हणे वजन वेगळं पडतं. सेहेचाळीस वर्षांचा, मिशीवाला मी, मांडीवर डबा घेऊन एका बाजूने बसून शाळेच्या फाटकाशी उतरलो. त्या दिवशी सातवी ‘ब’ने “नमस्ते सर” जरा जास्तच लांबवून म्हटलं.

आणि मग ती सकाळ. रोज अण्णा नव्वद टक्क्यांवर चार्जर काढतात. त्या दिवशी विसरले. बॅटरी काठोकाठ भरलेली. भरलेल्या बॅटरीत करंट जाणार कुठे? गल्लीच्या उतारावर अण्णांनी मूठ सोडली, गाडी काही हळू होईना.

“अण्णा, ब्रेक!”

“येतंय, येतंय रिजन!”

“अहो, ब्रेक दाबा!”

रिजन आलं नाही. वाळूचा ढिगारा आला. कुणाचं तरी बांधकाम चालू होतं म्हणून आमची हाडं वाचली. तोंडातली वाळू थुंकत मी अण्णांना जे बोललो, ते शिक्षकाने बोलू नये. पुन्हा म्हणून यांच्या मागे बसणार नाही, अशी शपथ घेऊन मी चालत निघालो.

दोन दिवसांनी भाजी आणायला गेलो, तर समोरून एक रिक्षा येत होती. आत अण्णांच्या पत्नी, कमलवहिनी. आणि रिक्षाच्या मागे, तिच्याच वेगाने, मोटरसायकलवर अण्णा. मागची सीट रिकामी. रिक्षा थांबली की अण्णा पाय घासून थांबायचे, निघाली की निघायचे.

वहिनी भाजीच्या गाड्याशी उतरल्या. अण्णा लांबच उभे राहिले. मी विचारलं, “वहिनी, हे काय? गाडी असताना रिक्षा?”

“दोन साल झाले, भाऊ. लासूर स्टेशनजवळ कुत्रं आडवं आलं, ह्यांनी ब्रेक दाबला गच्चकन. मी पडले मागून. चार महिने अंथरुणात होते. तवापासून मी बसत नाय आणि हे ब्रेकला हात लावत नाय.”

मी टोमॅटो निवडत राहिलो. मला माझी फार लाज वाटली. वर्षभर मी कुणाच्या जागेवर बसत होतो, ते आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी मीच अण्णांच्या दारात गेलो. “बसतो, पण माझी एक अट. आधी रिजन, आणि शेवटचे दोन हात ब्रेक. चप्पल नाही.”

“मला नाय जमणार, सर,” असं म्हणत अण्णांनी गाडी मात्र बाहेर काढली.

महिनाभर आम्ही तेच केलं. मी एका बाजूने, मांडीवर डबा. पहिल्या आठवड्यात डबा चार वेळा रस्त्यावर पडला. भेंडीची भाजी छावणीच्या कुत्र्यांनी खाल्ली. मी चिडायचो, ओरडायचो, पुन्हा बसायचो. सातवी ‘ब’ने तर हसणंही सोडून दिलं.

परवा रविवारी वहिनींना माहेरी जायचं होतं, देवगाव रंगारीला. रिक्षा बोलावलेली, पुढे बस. अण्णा गाडी काढून नेहमीसारखे मागे उभे. वहिनी पिशवी घेऊन बाहेर आल्या, रिक्षाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि मग गल्लीत उभ्या असलेल्या माझ्याकडे सरळ आल्या.

“भाऊ, तुम्ही रोज बसता. धक्का बसतो का? खरं सांगा.”

अण्णा माझ्याकडे बघत होते. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. पण या बाईंशी खोटं बोलवेना.

“शेवटी शेवटी... जरासा बसतो, वहिनी.”

अण्णांची मान खाली गेली. आता आपण गाडी ढकलत परत नेऊ आणि चार्जरला लावू, असा त्यांचा चेहरा झाला.

“जरासाच ना?” वहिनी म्हणाल्या. “जरासा चालंल.”

त्यांनी रिक्षावाल्याला हातानेच नको म्हटलं आणि गाडीवर बसल्या. पिशवी मांडीवर ठेवली. एक हात अण्णांच्या खांद्यावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. गल्लीच्या उतारावर गाडी हळू झाली आणि वळणापाशी अण्णांनी ब्रेक दाबला. चप्पल गाडीच्या फूटरेस्टवरच होती. गाडी थांबली. अण्णांनी मान वळवली. ते काय विचारताहेत हे मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. उत्तर मात्र इथपर्यंत आलं.

“पुढं बघा आता, अन् चला!”