बुटक्या फळ्यांचं घर

घर आवडलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, असं निम्मेभाऊंनी बसमध्येच ठरवलं आणि बायकोलाही बजावलं. तिला बजावायची खरं तर गरज नव्हती. परक्या देशात आल्यापासून तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचंच बंद झालं होतं.

निम्मेभाऊ हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कुणी किंमत सांगितली की ते आधी निम्मी मागत, आणि मागण्यापूर्वी वस्तूला मनसोक्त नावं ठेवत. वांगी किडकी, छत्री गळकी, चप्पल महिनाभर टिकली तर नशीब. (तीच चप्पल मग झिजून कागद होईपर्यंत मिरवत.) जे हवं त्याची आधी निंदा करायची, हे त्यांना आईनं शिकवलं होतं. आईच्या शंभर गोष्टी पुरुष विसरतात, पण असली एखादी मात्र पक्की लक्षात ठेवतात.

सुट्या भागांच्या गोदामात कारकुनाची नोकरी लागली म्हणून दोघं या शहरात आली आणि ‘चार दिवस’ म्हणून मावसभावाच्या हॉलमध्ये उतरली. चार दिवसांचे किती महिने झाले ते मावसभाऊ भला माणूस म्हणून बोलत नव्हता. त्याची बायकोही वाईट नव्हती. तिनं फक्त साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. निम्मेभाऊंची बायको बुटकी. स्टुलावर चढल्याशिवाय तिचा हात पोचेना, आणि दुसऱ्याच्या घरात स्टूल ओढल्याचा आवाज फार मोठा होतो. म्हणून ती बिनसाखरेचा चहा पिऊ लागली. निम्मेभाऊंना वाटलं, तब्येतीला जपते आहे. चार लोकांत त्यांनी कौतुकही केलं.

तिची भांड्यांची पेटी दाराआड उभी होती. ती अजून उघडली नव्हती. आपल्या ओट्यावरच उघडीन, एवढंच ती म्हणाली होती.

तर त्या दिवशी ती दोघं एका म्हाताऱ्या सुताराकडे घर बघायला गेली. वरच्या मजल्यावर तो राहायचा, खालच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. खोल्या साध्याच, पण स्वयंपाकघरात ऊन येत होतं. बायको ओट्याशी जाऊन उभी राहिली. ओटा तिच्या कमरेला बरोबर लागला. मग तिनं हात वर केला आणि सगळ्यात वरच्या फळीवर तळवा ठेवला. टाचा न उचलता. ठेवला तो तिथेच ठेवून राहिली, जसं एखाद्यानं ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा.

निम्मेभाऊंनी ते पाहिलं. हेच घर, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि घेतलं म्हणूनच त्यांनी नाक मुरडलं.

खिडकी कुरकुरते म्हणाले. फरशी थंड आहे म्हणाले. गोदामात गोळा केलेली ती परकी भाषा तोंडात मावेल तेवढी घेऊन त्यांनी न्हाणीघरापासून उंबऱ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला दोष दिला. म्हातारा मान डोलवत ऐकत होता. तो विरघळतोय असं वाटून निम्मेभाऊंनी हुकमाचा पत्ता टाकला.

“आणि या फळ्या? धड माणसाला उपयोगाच्या नाहीत. कुणा बुटक्यासाठी केल्यात का?”

बायकोनं फळीवरचा हात काढून घेतला.

“माझ्या बायकोसाठी केल्या होत्या,” सुतार म्हणाला. “ती आता नाही.”

इथे शहाण्यानं गप्प बसावं. निम्मेभाऊ अर्धं वाक्य आधीच बोलून बसले होते, त्यामुळे त्यांनी उरलेलंही बोलून टाकलं आणि निम्मं भाडं सांगितलं. सुतारानं थोडा विचार केला आणि दार उघडून धरलं. एवढं नावडलेलं घर मी तुम्हाला कसं देऊ, रोजचा त्रास होईल तुम्हाला, असं तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हेच तर वाईट.

निम्मेभाऊ मुळीच घाबरले नाहीत. भाजीवाली नाही का, चार पावलं जाऊ देते आणि मग हाक मारते! ते फाटकापर्यंत रमतगमत गेले. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. कोपऱ्यावर थांबले.

“चला आता,” बायको म्हणाली.

“थांब. हाक मारेल.”

वाऱ्याला धार आली. दिवे लागले. बायको पदर घट्ट लपेटून उभी, आणि हे मान वाकडी करून कान देत. त्या देशात मागून हाक मारत नाहीत, हे निम्मेभाऊंना फार उशिरा कळलं.

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. बघता बघताच म्हणाली, “मला बघायला आलात तेव्हा तुमच्या आईही हेच म्हणाल्या होत्या. मुलगी बुटकी आहे, फळीवर हात पोचायचा नाही. तुम्ही शेजारी बसून मान हलवली होती.”

निम्मेभाऊंना आठवेना. पण हलवली असणार. हवं त्याला नावं ठेवायची म्हटल्यावर मान हलवणं आलंच.

दुसऱ्या दिवशी गोदामातून सुटल्यावर ते एकटेच सुताराकडे गेले. पुरं भाडं द्यायचं, माफी मागायची, पाय धरावे लागले तर तेही, अशी तयारी होती. सुतार स्वयंपाकघरात होता. फळ्या उतरवून भिंतीशी टेकवल्या होत्या, आणि भिंतीत स्क्रूंच्या भोकांची ओळ उघडी पडली होती.

“तुमचं बरोबर होतं,” तो म्हणाला. “ती गेल्यावर मी या तशाच ठेवल्या. धड माणसाच्या उपयोगाच्या नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

आम्हाला घर आवडलं होतं, माझ्या बायकोला या फळ्याच सगळ्यात जास्त आवडल्या होत्या, हे निम्मेभाऊंनी जमेल तसं सांगितलं. सुताराला काही केल्या उमगेना.

“मग तसं का बोललात?”

“आमच्यात जे हवं असतं त्याला नावं ठेवतात.”

“आणि जे नको असतं त्याला?”

“छान आहे म्हणतात. कळवतो म्हणतात.”

सुतार हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले, आणि ते पुसायला त्याला बराच वेळ लागला. आपली बायको या फळ्यांना जन्मभर नावं ठेवायची, हे त्यानं मग सांगितलं. घर मात्र गेलं होतं. काल यांच्या मागोमागच एक उंच जोडपं आलं होतं, त्यांना सगळं आवडलं होतं. त्यानं शब्द दिला होता.

निघताना त्यानं फळ्या दोरीनं बांधून निम्मेभाऊंच्या हवाली केल्या. पैसे घेतले नाहीत. निम्मेभाऊंनीही जन्मात पहिल्यांदा काही निम्मं मागितलं नाही. (फुकटाचं निम्मं किती होतं, हेही त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं.)

पुढचं घर मिळालं ते तळघरातलं. मालकीण नर्स. या खेपेला निम्मेभाऊ शहाणे झाले होते. अंधाराला ते शांतता म्हणाले. खिडकीसमोर हातभरावर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, तिला आडोसा म्हणाले. नळ गळत होता, त्याचा ठेका मनाला किती बरा वाटतो म्हणाले. इतकं कौतुक ऐकून नर्सबाई भारावल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे किल्ली हातात ठेवली. पुढे नळाची तक्रार घेऊन गेले, तर त्या म्हणाल्या, “तुम्हाला आवडतो म्हणून मी प्लंबरला परत पाठवला.”

फळ्या निम्मेभाऊंनी स्वतः ठोकल्या आणि ठोकता ठोकता सुताराशी झालेलं बोलणं बायकोला सांगितलं. उंची बायकोच्या हाताची ठेवली, पण सरळ काही बसल्या नाहीत. बायकोनं पेटी उघडून डबे मांडले ते हळूहळू घसरून एका कोपऱ्यात गोळा झाले, नवख्या गावात माणसं होतात तसे. त्यातला साखरेचा डबा तिनं हात न ताणता उचलला आणि चहात दोन चमचे घातले.

“आई मला बुटकी म्हणाल्या तेव्हा तुम्ही मान हलवलीत,” ती चहा ढवळत म्हणाली, “म्हणजे मी आवडले होते?”

“फार,” निम्मेभाऊ म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे ते पहिल्यांदाच बोलत होते.

ती हसली. त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा. मग तिनं कप त्यांच्यापुढे ठेवला.

“आणि लग्न झाल्यापासून रोज माझ्या हातचं जेवून ‘छान आहे’ म्हणता, ते?”

निम्मेभाऊंनी घाईघाईनं कप तोंडाला लावला. नळ तेवढा ठेक्यात गळत राहिला.