कॉफीयंत्र सोडवून आणिल्याची हकीकत

पुढील पिढ्यांस ठाऊक असावे म्हणोन, कोणाची भीड न धरिता, जाहले ते जाहले तैसे लिहितो. ज्यांस झोंबेल त्यांनी पान उलटावे.

शहराच्या निवृत्त नोकरांचा पेन्शनखजिना बाजारी गुंतवून वाढविण्याचा मक्ता तिसऱ्या मजल्यावरील पेढीचे धनी, अखंडितलक्ष्मीअलंकृत सूटबूटमंडित मोठेसाहेब यांजकडे होता. मक्ता कोणास द्यावा हे शहराचे खजिनदार ठरवीत, आणि खजिनदार तर निवडणुकीस उभे. सबब कायदा ऐसा की, मक्तेदाराने खजिनदाराचे प्रचारास काहीएक देऊ नये. दिल्यास मक्ता दोन साले बंद. हे कलम राखावयास पेढीने नियमपाल बाई नेमिल्या होत्या. बाईंचे वडील शहराची पाण्याची गाडी तीस साले हाकून निवृत्त जाहले, त्यांचे पेन्शन याच खजिन्यातील, म्हणोन बाई कलमास जिवापाड जपत.

एके सोमवारी बाई कॉफी घ्यावयास गेल्या, तो यंत्राचे जागी नुसता चौकोनी डाग. चौकशी करिता कळले की, खासा मोठेसाहेबांनी यंत्र खजिनदारांचे प्रचारकचेरीत रवाना केले आणि वर पेढीचे कार्ड चिकटविले, 'आपल्या सेवेशी सदैव तत्पर'. बाई तडक साहेबांकडे गेल्या. साहेबांनी फर्माविले की, देणगी म्हणजे रोकड, हे तर उसने भांडे, उगाच राईचा पर्वत करू नये. वाहवा रे अक्कल! उसने दिले तर कार्ड कशास, हे पुसावयाची कोणाची छाती जाहली नाही. मग बाईंनी कलम उघडून दाखविले. त्यात 'किंमत असलेली कोणतीही वस्तू' ऐसे साफ लिहिले होते, आणि साहेबांचा चेहरा उतरला.

मग बाईंनी ढकलगाडी घेऊन एकटीने कूच केले, आणि सिग्नलास मुक्काम केला, आणि चौक ओलांडून प्रचारकचेरीवर चाल केली. आत वीस कार्यकर्ते मतदारांस फोन लावीत होते, ते कागदी पेले परजून यंत्राभोवती उभे राहिले. निकराची झटापट जाहली. तेव्हां खुद्द खजिनदार, ज्यांनी हाच कायदा टाळ्या घेत मंजूर करविला होता, बाहेर आले आणि तहाचे बोलणे लाविले की, निदान हा एक पेला भरू द्यावा. बाईंनी प्लग उपटला. मग कचेरीचा धीर सुटला आणि यंत्र गाडीवर चढले.

पेढीत एकच जल्लोष उडाला. साहेबांनी खूष होऊन हुकूम केला की, दप्तरी 'यंत्र दुरुस्तीस गेले होते' ऐसे लिहावे आणि बाईंस बढती द्यावी. बाई इतकेच बोलल्या, "साहेब, ते दुरुस्तीला नव्हतं गेलं. लाच म्हणून गेलं होतं." आणि खरे तेच लिहून पेन्शनमंडळास धाडिले. त्याच दुपारी त्यांस नोकरीवरून काढिले.

घरी येऊन बाईंनी सारे सांगितले. वडिलांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "टाकी गळत असली की मी 'गळतेय' असंच लिहायचो. साहेब चिडायचे. चिडू देत."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. यंत्र स्वस्थानी आले, पेढीचा मक्ता दोन साले बंद जाहला, खजिनदार 'स्वच्छ कारभार' म्हणत निवडून आले, मोठेसाहेब अद्याप मोठेसाहेबच आहेत. उभय पक्षी कामी आल्या त्या एकट्या बाई. वडिलांचे पेन्शन शाबूत आहे; हल्ली त्यावर दोघांचे घर चालते.