अर्धा सर्व्हर आणि सोमवारची शपथ

"तहानी, सूर्य मावळेपर्यंत कुणाचं उणं काढायचं नाही. अगदीच जीभ वळवळली, तर त्या माणसातली एक चांगली गोष्ट शोधायची आणि तेवढीच बोलायची."

आईला जाऊन किती वर्षं झाली, पण पहाटेच्या नमाजानंतर तसबीची माळ हातात घेतली की तिचा हा आवाज कानात येतो, आणि मी रोज नव्यानं हा नेम धरते. मी पुढे उस्ताज वजदी अल-मनयावी या खासगी गुप्तहेरांच्या हाताखाली नोकरी करणार आहे, हे नेम घालून देताना तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिनं दुपारनंतरची सवलत दिली असती.

उस्ताजांची ओळख त्यांच्याच शब्दांत दिलेली बरी. माझ्या शब्दांत नेम मोडण्याची भीती आहे.

"अलेक्झांड्रियात समुद्राच्या वाऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या दोनच गोष्टी," ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. "एक कायतबेचा किल्ला, दुसरा मी. त्यातल्या किल्ल्याला तडे गेलेत. माझी नजर म्हणजे दीपगृह, आणि माझा मेंदू शिंपल्यासारखा. एकदा मिटला की कुणाच्या बापाला उघडत नाही."

या शेवटच्या वाक्याला मी साक्षीदार आहे.

निवृत्त होण्याआधी उस्ताज ट्राममध्ये तिकीट तपासनीस होते. गुन्हेगार ओळखण्याची विद्या त्यांनी तिथेच कमावली. जो आपल्याला बघून घाबरतो तो विनातिकीट, आणि जो घाबरत नाही तो सराईत विनातिकीट. या विद्येतून आजवर कुणीही निर्दोष सुटलेलं नाही. त्यांना मिशी आहे, भरघोस, दोन्ही टोकं आभाळाकडे. विचार करताना ते उजवं टोक पिळतात आणि स्वतःची चूक कळली की डावं. डावं टोक अजून नव्यासारखं आहे.

तर ईद होऊन आठवडा झाला होता. ईदनंतरच्या शव्वाल महिन्यातले सहा उपास मी धरले होते, त्यातला हा सोमवार. मुहर्रम बेक भागातल्या मादाम फिकरीयांच्या हल्वाई दुकानातून सकाळीच बोलावणं आलं.

मादाम फिकरीया म्हणजे ईदच्या काहकांची राणी. रमजानच्या शेवटच्या दिवसांत अर्धं शहर त्यांच्याकडे तुपातली, पिठीसाखरेनं माखलेली काहक बिस्किटं मागवतं. ऑर्डरी सगळ्या कॉम्प्युटरवर. दुकानामागच्या खोलीत एक जुना सर्व्हर आहे, त्यावर प्रत्येक ऑर्डर नोंदली जाते. शेजारी एक नवा सर्व्हर. जुन्यात जे लिहिलं जाईल त्याची नक्कल तो तिथल्या तिथे उतरवून घेतो, म्हणजे एक बंद पडला तरी दुकान चालू. हा नवा सर्व्हर रमजानच्या तोंडावर बसवला तो नशवानं. ही पोरगी इंजिनियर. दुकानातली सगळी यंत्रं तिच्याच हाती.

"उस्ताज वजदी, दोघांत एकच माल आहे असं ही मला सांगते," मादाम म्हणाल्या, "आणि जुना सर्व्हर भरत आला म्हणून मी मोठी डिस्क घ्यायला निघाले तर कळलं, नवा निम्मासुद्धा भरलेला नाही. मग माझी निम्मी गिऱ्हाइकं गेली कुठे?"

नशवा दाराशी उभी होती. डोळे सुजलेले. "मादाम, मी कालच सांगत होते की..."

"तू थांब. माझा दीर म्हणतो, हिनं यादी समोरच्या हल्वायाला विकली. मी अजून तसं म्हटलेलं नाही. पण आज संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

दुकानातून हाकललेल्या इंजिनियरला, तेही चोरीच्या संशयावरून, या शहरात पुढे कोण ठेवणार? पोरीच्या हातातली रुमालाची घडी पिळून पिळून दोरी झाली होती.

उस्ताजांनी खुर्ची ओढली. मादामनी त्यांच्यापुढे काहकांचा मोठा पत्र्याचा डबा ठेवला, काठोकाठ भरलेला. मलाही आग्रह केला.

"माझा उपास आहे," मी म्हटलं.

"हिचा वाटाही माझ्यावर सोपवा," उस्ताज म्हणाले. चांगली गोष्ट: त्यांनी जबाबदारी कधी टाळली नाही.

पहिलं काहक तोंडात टाकून त्यांनी तपास सुरू केला. "दोन यंत्रांच्या मध्ये काय आहे?"

"तार," नशवा म्हणाली. "पण उस्ताज, आधी दोन्हीकडच्या ऑर्डरी मोजल्या तर..."

"मोजणं हे वाण्याचं काम, पोरी. मी तार्किक माणूस आहे." उजवं टोक पिळलं गेलं. "माल एका टोकाला शंभर शिरतो आणि दुसऱ्या टोकाला चाळीस निघतो. ट्रामचाही हाच अनुभव. मधल्या थांब्यावर उतरतात."

मग ते तारेवर हात ठेवून भिंतीच्या कडेनं निघाले. तार कपाटामागून गेली, तेही गेले. तार खिडकीतून बाहेर पडून जिन्यानं वर चढली, तेही चढले, आणि मी त्यांच्या पिशवीसह. गच्चीवर कुणाचा तरी कबुतरखाना होता. कबुतरांनी आमच्याकडे पाहिलं. घाबरली नाहीत.

"सराईत," उस्ताज पुटपुटले.

अर्ध्या तासानं कळलं की ती तार टीव्हीच्या डिशची. दोन सर्व्हरमधली तार हातभर लांबीची होती आणि टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेली होती. आम्ही खाली आलो तेव्हा उस्ताजांच्या कोटावर कबुतरांनी आपलं मत नोंदवलं होतं. चांगली गोष्ट: या वयात जिना चढताना त्यांना दम लागत नाही.

दुसरं, तिसरं, चौथं काहक. पिठीसाखर मिशीवर उतरली, आणि साखरेबरोबर सिद्धांतही उतरले.

"मादाम, दोन्ही यंत्रं वजन करून बघू. साखरेचा काटा आणा. चोरीचा माल वजनातून सुटत नाही."

"काट्यावर ठेवायची तर बंद करावी लागतील," नशवा म्हणाली, "आणि बंद न करताही..."

"बघा, बंद करायला घाबरते."

"मी घाबरत नाहीये."

"मग सराईत."

मादामनी काटा द्यायला नकार दिला. त्यावर बदाम जोखायचे होते. तेव्हा उस्ताजांनी दोन्ही यंत्रांना आळीपाळीनं मिठी मारून अंदाज घेतला. नवा सर्व्हर जड निघाला. हे त्यांच्या सिद्धांताच्या बरोब्बर उलट होतं, म्हणून त्यांनी तो पुरावा बाद केला.

मग त्यांनी डबा जवळ ओढला. आणखी सहा काहक गेली. आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

"हा जुना सर्व्हर किती वर्षं इथे आहे?"

"बारा-तेरा," मादाम म्हणाल्या.

"म्हणजे तो इथल्या रीतीला सरावलाय. आपण लिहितो उजवीकडून डावीकडे. आणि नवा?"

"परदेशातून मागवला."

"झालं तर. तो वाचतो डावीकडून उजवीकडे. आपली ऑर्डर या बाजूनं शिरते, तो त्या बाजूनं वाचत येतो, आणि दोघं अर्ध्यावर समोरासमोर येऊन अडकतात. म्हणून निम्मा."

नशवानं तोंडावर रुमाल धरला. रडत होती की नाही, ते मी पाहिलं नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यात फार डोकावू नये. चांगली गोष्ट शोधायला मला इथे वेळ लागला. अखेर सापडली: कल्पना त्यांची स्वतःची होती. एवढं मात्र खात्रीनं सांगते, ती दुसऱ्या कुणाचीही नव्हती.

"उस्ताज," मादाम म्हणाल्या, "मला संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. गोष्टी नकोत."

उस्ताजांना हे लागलं. तपासनीस दुखावला की त्याला कुणाच्या तरी कॉलरला हात घालावासा वाटतो. ते उठले, कोट झटकला. कबुतरांचं मत झटकलं गेलं नाही. मग त्यांनी नशवाकडे बोट केलं.

"हीच ती. नवं यंत्र हिनं बसवलं. नक्कल हिनं केली. निम्मी ठेवली, निम्मी समोरच्याला दिली. सकाळपासून दर वेळी मधे बोलून ही मला वाटेवरून काढायला बघतेय." त्यांनी मिशी मुठीत धरली. "निम्मी गिऱ्हाइकं हिनं विकली नसतील, तर ही मिशी आजच्या आज उतरवीन."

मादामचा चेहरा दगडासारखा झाला. आमच्याकडे पुरुषानं मिशीची शपथ घेतली की त्यापुढे बोलायला जागा उरत नाही. फक्त मला एक गोष्ट ठाऊक होती. मी असताना उस्ताजांनी ही शपथ याआधी तीनदा घेतलेली आहे, आणि तिन्ही वेळा सोमवारी. सोमवारी अलेक्झांड्रियातले न्हावी दुकान उघडत नाहीत. मंगळवारी उघडतात तोवर लोक विसरलेले असतात.

नशवानं आपली पिशवी उचलली. "मी जाते, मादाम. किल्ल्या टेबलावर ठेवल्यात."

त्या पोरीच्या हाताला काळी शाई लागली होती, नखं तुटलेली होती, आणि रमजानभर ती या खोलीत इफ्तार करून पुन्हा कामाला बसत असे, हे मादामनीच मला सकाळी सांगितलं होतं. माझा आवाज मुळातच लहान. मी तो आहे तेवढाच वापरला.

"बाळ, तू सकाळपासून काय सांगत होतीस?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा मी खोलीत आहे हे त्यांना तेव्हाच कळलं.

"ऑर्डरी मोजा म्हणत होते, खाला," नशवा म्हणाली. "दोन्हीकडच्या."

"मग मोज ना."

ती बसली. चार बोटं चालली. पडद्यावर दोन आकडे आले, वर-खाली. मादामनी चष्मा लावला. आकडे सारखेच होते, शेवटच्या अंकापर्यंत.

"एकही कमी नाही?" मादामनी विचारलं.

"एकही नाही. यंदाच्या ईदची, गेल्या ईदची, सगळी गिऱ्हाइकं दोन्हीकडे आहेत."

"अगं मग हा जुना एवढा फुगलाय कशानं?"

नशवानं इकडेतिकडे पाहिलं आणि काहकांचा डबा पुढे ओढला. झाकण काढलं. तळाशी एक काहक होतं आणि पुष्कळशी साखर.

"मादाम, सकाळी हा भरलेला होता तेव्हा टेबलावर किती जागा अडवत होता?"

"एवढीच."

"आणि आता?"

मादाम डब्याकडे बघत राहिल्या. मग उस्ताजांकडे. उस्ताजांनी मिशीवरची साखर पुसली.

"लोक तीन दुकानांत काहक सांगून ठेवतात आणि सासूला पसंत पडतील तीच उचलतात," नशवा म्हणाली. "रद्द झालेल्या ऑर्डरी ईद झाल्यावर पुसून टाक, असं तुम्हीच दरवर्षी सांगता. मी पुसते. ऑर्डर जाते, पण तिची जागा जुना सर्व्हर सोडत नाही. रिकामी धरून बसतो, पुढे लागेल म्हणून. बारा वर्षांची भोकं आहेत त्याच्यात. नव्यात भरताना मी फक्त असलेल्या ऑर्डरी भरल्या, एकीला एक चिकटवून. म्हणजे उरलेलं एक काहक वाटीत काढून ठेवलं, एवढंच."

"म्हणजे गुन्हेगार..." उस्ताजांनी सुरुवात केली.

"मी," मादाम म्हणाल्या. "पुसायला मी सांगते."

"आणि आवरायला वेळ देत नाही," नशवा हळूच म्हणाली. "त्यासाठी ऑर्डरी थोडा वेळ बंद ठेवाव्या लागतात. दोन वर्षं मागतेय."

"ईद झाली. आता कोण काहक मागवतंय? आवर."

नशवानं आवरायला घेतलं. दुपार कलताना मी कोपऱ्यात अस्रचा नमाज पढले. सलाम फिरवून पाहते तो जुना सर्व्हर आकसून नव्याएवढाच झाला होता, आणि मोठी डिस्क घ्यायची गरज उरली नव्हती. मादामनी टेबलावरच्या किल्ल्या उचलून नशवाच्या तळहातावर ठेवल्या आणि तिची बोटं आपल्या हातानं मिटली. माफी मागायची त्यांना सवय नाही. पण भटारखान्याकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "इंजिनियरीणबाईंना चहा द्या. आणि माझ्या दिराला फोन लावा, मला त्याच्याशी बोलायचंय."

मग त्यांची नजर उस्ताजांवर आली. आमची सगळ्यांचीच आली. ती नेमकी कुठे टेकली, ते सांगायला नको.

"आज सोमवार," उस्ताज भिंतीकडे बघत म्हणाले. "न्हावी..."

"बंद," मादाम म्हणाल्या.

"राहू द्या हो, उस्ताज," नशवा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधलाही. "तुम्हाला काय माहीत होतं?"

उस्ताज तिच्याकडे पाहत राहिले. सकाळपासून त्यांनी तिच्याकडे बोट केलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच. ती त्यांना घाबरली नव्हती. आणि तिच्याकडे तिकीट होतं.

त्यांचा हात मिशीच्या डाव्या टोकाकडे गेला. त्यांनी ते एकदाच पिळलं.

आम्ही बाहेर पडलो. समुद्राचं वारं सुटलं होतं, मगरिबच्या अजानला अजून अवकाश होता. मी ट्रामच्या थांब्याकडे वळले. उस्ताज वळले नाहीत.

"हज्जा तहानी, तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "उपास सोडायची वेळ होईल."

"आणि तुम्ही?"

ते रस्ता ओलांडून गेले. पलीकडे बंद न्हाव्याच्या शेजारी औषधाचं दुकान उघडं होतं. दारात उभं राहून त्यांनी काचेत एकदा स्वतःला पाहून घेतलं, आणि आत जाऊन, एरवी अख्ख्या ट्रामला ऐकू जाणाऱ्या आवाजात नव्हे, माझ्याएवढ्या आवाजात, वस्तरा मागितला.