एकोणचाळीस नंबरचे बूट

"दहापैकी तीन," निशिगंधामावशींनी निकाल दिला आणि चिवड्याची ताटली पुन्हा मांडीवर ओढली. "उत्तरं पाठ आहेत पोरीची. पण डॉक्टरचा अधिकार कुठाय? डॉक्टरनं सांगितलं की माणसानं निमूट ऐकलं पाहिजे. हिचं कोण ऐकणार?"

ऋतानं मान डोलावली. त्यामुळे मावशींचा मुद्दा आणखीच पक्का झाला.

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या दहाव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये शनिवारी सकाळी रंगीत तालीम चालली होती. ऋता बायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होती. ए लेव्हलनंतर, म्हणजे आपल्या बारावीनंतर, मेडिकलचा एक नकार तिनं पचवला होता. आता पदवीनंतर प्रवेश देणाऱ्या मेडिकल कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, आणि ती मुलाखत आज दुपारी दीड वाजता होती. हेही हुकलं तर पुढे काय, हे तिनं ठरवलंच नव्हतं.

तिचे बाबा, सुबोध, चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर. लेकीची मुलाखत हेही त्यांच्या लेखी प्रोजेक्टच होतं. एक्सेलमध्ये बेचाळीस ओळी होत्या. ओळ अठ्ठावीस, टेक्निकल राऊंड. ओळ एकेचाळीस, 'बूट पुसून दाराबाहेर तयार'. ही ओळ लक्षात ठेवा, सगळा घोळ तिनंच केला.

"दोन्ही पाय सुजले तर काय काय असू शकतं?" सुबोधनं विचारलं.

"बाबा, असं काही विचारत नाहीत लाह," ऋता सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"टेक्निकल राऊंडशिवाय इंटरव्ह्यू असतो का कुठे? सांग."

ऋतानं सुस्कारा सोडला. "हार्ट, किडनी नाहीतर लिव्हर."

मावशींचा चिवड्याचा हात क्षणभर थांबला. पण क्षणभरच.

अकराला मावशी उठल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांचे काळे बूट होते आणि शेजारी ऋताचेही. दोन्ही हुबेहूब सारखे, कारण दोन महिन्यांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'एकावर एक फुकट' असा मेसेज आला होता. ऋताची आई मेधा आणि निशिगंधामावशी या मंडळातल्या मैत्रिणींनी मिळून एक जोड विकत आणि एक फुकटात घेतला होता. मावशींचा नंबर एकोणचाळीस, ऋताचा सदतीस. ग्रुपवरचं काहीही फुकट सोडायचं नाही, ही दोघींची जुनी शपथ होती.

मावशींनी पाय घातला. जाईना. टाच कोंबली, दाराला धरून दोन उड्या मारल्या, तेव्हा कुठे गेला. लिफ्टपर्यंत पोचेतो बोटं ठणकायला लागली. सकाळी तर बूट आरामात बसले होते. म्हणजे तासाभरात पाय सुजले. दोन्ही. मावशींना दरदरून घाम फुटला.

सव्वाबाराला ऋता निघाली आणि पहिल्याच पावलाला बूट मागे राहिला.

"आई, हे मोठे होतायत."

"होणारच," मेधा म्हणाली. "महिनाभर नुसत्या कॉफीवर जगलीस. पायसुद्धा बारीक झाले गं तुझे." आणि तिचे डोळे भरून आले.

"आई, पाय बारीक होत नसतात."

"तू अजून डॉक्टर झाली नाहीस. मला शिकवू नकोस."

दुसरे बूट नव्हते. होते ते लाल स्नीकर्स आणि बाथरूमच्या चपला. मेधाचा नंबर पस्तीस. शेवटी टिश्यूची दोन पाकिटं दोन बुटांत पुढे कोंबली, हातावर दही ठेवलं आणि टॅक्सी बोलावली. टॅक्सीत सुबोध ओळ सात ते अकरा घोकून घेत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"ऋता, तुझ्या इंटरव्ह्यूच्या आधी सांगणार नव्हते गं," मावशींचा आवाज खोल गेला होता. "पण इथे क्लिनिकमध्ये माझ्यापुढे वीस जण आहेत. तेवढा वेळ माझ्याकडे आहे की नाही, कोण जाणे. दोन्ही पाय सुजलेत. हार्ट की किडनी, एवढंच सांग."

"फोन ठेव," सुबोध कुजबुजला. "ओळ नऊ राहिलीय."

ऋतानं हातानंच बाबांना गप्प केलं. हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं आणि गंमत म्हणजे ते गप्प झाले.

"मावशी, दम लागतोय? छातीत काही? कधीपासून सुजलेत?"

"दम नाही. घाम मात्र दरदरून फुटलाय. तुमच्या दारातून निघाले तेव्हापासून."

ऋतानं आपल्या पायांकडे पाहिलं. एका बुटातून टिश्यूचं टोक बाहेर आलं होतं.

"मावशी, बूट काढा. आतला नंबर वाचा."

पलीकडून बुटाशी चाललेली झटापट ऐकू आली. मग बारीक आवाज आला. "सदतीस."

"पाय कसे आहेत आता?"

"उतरतायत गं, उतरतायत. चल, मी जाते घरी. उगाच शोभा झाली."

"जायचं नाही. नंबर लावलाय ना? मग बीपी तपासूनच निघायचं. एवढा घाम काही बुटानं फुटत नाही."

"अगं पण..."

"मावशी, बसा."

मावशी बसल्या.

मुलाखतीच्या खोलीत तीन डॉक्टर होते. दार आणि खुर्ची यांच्यात दहा पावलं होती आणि सहाव्या पावलाला डावा बूट जागेवरच राहिला. ऋता एका पायानं पुढे गेली, थांबली, मागे आली, बूट घातला आणि बसली. बेचाळीस ओळी डोक्यातून साफ उडाल्या.

"हा बूट तुमचा दिसत नाही," मधल्या वयस्कर डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाही मॅडम. तो माझ्या पेशंटचा आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. फुकटचा जोड, बारीक झालेले पाय, वीस जणांची रांग. टिश्यूचं पाकीटही काढून दाखवलं. डावीकडचे डॉक्टर इतके हसले की त्यांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरबाई मात्र हसता हसता पुढे वाकल्या.

"निदान तर झालं होतं. मग त्यांना घरी का नाही जाऊ दिलं?"

"निदान बुटाचं झालं होतं, मॅडम," ऋता म्हणाली. "बाईंचं राहिलं होतं."

कोणीतरी काहीतरी लिहून घेतलं.

क्लिनिकमध्ये मावशींचे पाय ठणठणीत निघाले. बीपी मात्र एकशे ऐंशी होतं. किती दिवसांपासून, कुणाला ठाऊक, कारण बाईंनी आयुष्यात कधी ते मोजू दिलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं आणि रोज मोजून वहीत लिहायचं बजावलं. मावशींनी गोळी तेवढी मानली; वही ऋताच्या तगाद्यानं सुरू केली.

सात आठवड्यांनी प्रवेशाचं पत्र आलं. ऋतानं ते तीनदा वाचलं आणि मग जमिनीवरच बसली. मेधा रडली. सुबोधनं लॅपटॉप उघडून 'प्रवेश' या शेवटच्या, बेचाळिसाव्या ओळीपुढे हिरवा रंग भरला आणि तोही रडला. शनिवारी निम्मं मंडळ घरी जमलं. कॉरिडॉरमध्ये चपलाबुटांचा ढीग लागला होता आणि सुबोधनं प्रत्येक जोडाला नंबराची चिठ्ठी लावली होती.

निशिगंधामावशी सोफ्यावर मधोमध बसून सगळ्यांना ऐकवत होत्या, "माझ्या पायगुणानं मिळाली हिला ॲडमिशन. बूट माझेच होते. ऋता, निकाल लागेपर्यंत ठेवून घेतलेस, आता तरी परत दे गं ते."

"देते," ऋता म्हणाली. "आधी बीपीची वही दाखवा."

"अगं, आज काय..."

ऋता नुसती हात पुढे करून उभी राहिली. मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, पर्स उघडली आणि वही काढून दिली. ऋतानं पानं उलटली.

"मंगळवार, बुधवार कोरे आहेत."

"विसरले."

"आणि ती ताटली खाली ठेवा. चिवड्यात मीठ असतं."

निशिगंधाबाईंच्या हातातली चिवड्याची ताटली खाली ठेवायला लावणारा माणूस त्या मंडळानं अठरा वर्षांत पाहिला नव्हता. त्यांचे यजमान प्रबोध तर हातातला पेढा तसाच धरून बघत राहिले.

मावशींनी ताटलीकडे पाहिलं, ऋताकडे पाहिलं आणि ताटली टीपॉयवर ठेवली.

"बरं, डॉक्टर," त्या म्हणाल्या.